बिनआवाजाची हातोडी

“अख्ख्या मुलखात माझ्यासारखा तांबट नाही!” त्रिंबकनाना छाती फुगवून सांगायचा. आणि समोरचा मान डोलवतोय न डोलवतोय तोच पुढं म्हणायचा, “आळीतल्या बाकीच्यांना मीच शिकवलंय ना, म्हणून ते तसे!”

तर असा हा नाना एका सकाळी राजवाड्यावर हात जोडून उभा होता, आणि मानाजीराजा त्याच्यावर खेकसत होता.

राजानं नदीकाठी नवा हवामहाल बांधला होता. का, तर दुपारी गार वाऱ्यात झोप लागावी! जागा बघायला आला तो नेमका अमावास्येला. अमावास्येला तांबट हातोडीला हात लावत नाहीत. राजाला वाटलं, काय ही शांतता! महाल उभा राहिला, राजा पहिल्या दुपारी पलंगावर आडवा झाला, आणि खिडकीखालच्या आळीतल्या अकरा घरांच्या अकरा ओसऱ्यांवर अकरा हातोड्या सुरू झाल्या. ठण्! ठण्! ठण्!

“महिन्याची मुदत देतो,” राजा गरजला. “मी निजलेला असताना माझ्या खिडकीखाली एक घागर मठारून दाखव. निजल्यावर एक ठोका जरी माझ्या कानावर आला, तर तुमची सगळी आळी नदीपलीकडच्या रानात!”

मठारणं म्हणजे घडवलेल्या भांड्यावर ठोक्याशेजारी ठोका देत त्याला बळकटी आणि चकाकी आणणं. एका घागरीला हजारो ठोके! आणि नदीपलीकडच्या रानात घागर घ्यायला येणार कोण? तरस?

“जमेल की, महाराज!” नाना म्हणाला. “पण त्यासाठी नवी हातोडी घडवावी लागेल. ती घडवायला ठोकाठोकी आलीच. महिनाभर आम्हाला कुणी गप्प करायचं नाही.”

“दिला शब्द! ठोक महिनाभर!”

घरी आल्यावर नानाची बायको यमुना कपाळाला हात लावून बसली. “अहो, बिनआवाजाची हातोडी असते का कुठं?”

“असते तर! आपल्या घरात नाही एवढंच.”

मग त्यानं आळीतल्या सगळ्यांना ओसरीवर बोलावलं आणि ताकीद दिली. “उद्यापासून राजाचं जेवण झालं की सगळ्यांनी एका तालात ठोकायचं. घाई नाही, चूक नाही. ज्याचा ताल चुकेल त्यानं आधी नदीपलीकडं जाऊन माझ्यासाठी झोपडी बांधायची!”

यमुना रोज राजाच्या मुदपाकखान्यात घासूनपुसून लख्ख केलेली भांडी पोचवायला जायची. येताना खबर आणायची. पहिल्या आठवड्यात खबर आली, की राजानं कानात कापसाचे बोळे घातले आणि हुजऱ्याला उशी फेकून मारली. दुसऱ्या आठवड्यात राजा पलंगावर पडल्यापडल्या बोटांनी ताल धरू लागला. तिसऱ्या आठवड्यात यमुना पदरात तोंड लपवून हसत आली. “अहो, घोरतात! भिंतीवरच्या ढाली थरथरतायत!”

“श्श!” नाना म्हणाला. “कुठं बोलू नकोस. हातोडी घडतेय अजून.”

मुदतीचा दिवस उजाडला. खिडकीखाली सगळी आळी आपापली भांडी घेऊन बसली. नानानं लाल फडक्यात गुंडाळलेली हातोडी ताटात घालून, हळदकुंकू वाहून आणली. फडकं काही सोडलं नाही. राजा पलंगावर आडवा झाला. कारभारी राघोपंत साक्षीला खुर्ची टाकून बसले.

सगळीकडं चिडीचूप.

राजा या कुशीवर वळला, त्या कुशीवर वळला. पारवा घुमला तेही ऐकू आलं, राघोपंतांच्या पोटात गुरगुरलं तेही. शेवटी त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “त्रिंबक! काय करतोयस?”

“वाट बघतोय, महाराज. आपण निजलात की सुरू करतो. तसाच हुकूम आहे.”

“अरे, पण झोप येत नाहीये!”

“मग मी काय करू? शांतता तर भरपूर आहे!”

आणखी तासभर राजा तळमळला. मग ओरडला, “कर रे बाबा, कर एकदाचं सुरू!”

ठण्! नानाची हातोडी पडली. ठण्! मागून दहा हातोड्या पडल्या. पन्नास ठोकेही झाले नसतील, राजाचा जबडा सैल पडला आणि वर घोरणं सुरू झालं. राघोपंत कानांवर हात दाबून “महाराज! महाराज!” करत राहिले, पण ऐकतो कोण?

ऊन कलल्यावर नानानं हात थांबवला. ठोका थांबला तसा राजा दचकून उठला. “काय झालं? काय झालं?”

“घागर झाली, महाराज!” नाना लखलखती घागर आणि पुन्हा फडक्यात गुंडाळलेली हातोडी घेऊन वर आला. “निजल्यावर ठोका ऐकू आला का?”

“अहो, माझे कान फुटले!” राघोपंत किंचाळले.

“पंत, हुकूम महाराजांच्या कानांबद्दल होता. तुमच्या नव्हे!”

राजानं डोळे चोळले, घागर न्याहाळली. मग हातोडीवरचं लाल फडकं ओढलं. आत तीच जुनी, मूठ घासून गुळगुळीत झालेली हातोडी! क्षणभर राजाच्या मिशा थरथरल्या, आणि तो असा हसत सुटला की पलंग करकरला.

“नाही रे, लबाडा! एकही ठोका ऐकला नाही! आळी जिथं आहे तिथंच राहू दे. अकरा घरांना तांब्याचा एकेक पत्रा, आणि तुला हा जरीचा शेला! अजून काय हवं? माग!”

नानानं शेला खांद्यावर टाकला आणि एक लांबलचक जांभई दिली. “महाराज, महिनाभर दुपारची पाठ टेकलेली नाही. उद्यापासून मलाही जेवल्यावर जरा झोप काढू द्या.”

“वा रे शहाण्या!” राजा उशी छातीशी ओढत म्हणाला. “मला ही खोड लावलीस आणि आता तू निजणार? चल, उचल ती हातोडी! माझी झोप अजून पुरी व्हायचीय!”