सात वाजून दहा मिनिटांनी नम्र झालेला राजा

नगारखान्यावरच्या घड्याळात सकाळचे बरोबर सात वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा निंबखोरीचे राजे भुजंगराव नम्र झाले.

आदल्या दिवशी शेजारचा राजा पाहुणा येऊन गेला होता. जाताना त्याने बागेतल्या माळ्याला हात जोडले, आणि सगळं गाव "काय नम्र माणूस, काय नम्र माणूस" करत बसलं. भुजंगरावांना घास गोड लागेना. "तो नम्र? मग मी त्याच्या दुप्पट!"

सकाळी गोणपाटाचा अंगरखा शिवून आला. बाहेरून गोणपाट, आतून रेशमी अस्तर, कारण नम्रता अंगाला टोचते. तो घालून राजांनी आरशासमोर चार वेळा वाकून पाहिलं आणि दवंडी पिटवली : "आजपासून राजांना कोणी महाराज म्हणायचं नाही. रयतेचा क्षुद्र सेवक म्हणायचं. चुकेल त्याला चाबकाचे वीस फटके."

सव्वासातला पहिला माणूस चुकला. राजांपुढे ललकारी देणारा भालदार केरबा. बारा वर्षांची सवय. राजे दरबारात शिरले आणि त्याच्या तोंडून गेलं, "महाराज येत आहेत..." झालं! केरबा कोठडीत. दिवस मावळला की वीस फटके.

केरबाची बायको सारजा चार महिन्यांचं पोर छातीशी धरून तशीच दरबारात आली.

"सेवकदादा, माझ्या नवऱ्याला सोडा. महिनाभर तापात होता, परवा कुठे भाकरी खायला लागलाय. वीस फटके खाऊन तो उठायचा नाही."

"बाई, मी नम्र आहे. माझा हुकूम नम्र नाही," राजे म्हणाले. "मला महाराज म्हणणं हा गुन्हा आहे. गुन्हा नाही, असं दिवस मावळायच्या आत माझ्याच तोंडून वदवून दाखव आणि नवरा घेऊन जा. नाहीतर वीस त्याला, दहा तुला."

राजे नम्रपणे वाकलेले, म्हणून त्यांच्याहून खाली वाकलेला दरबार वाकल्या वाकल्या हसला. कारभारी अप्पाजीपंत सगळ्यात खाली वाकून हसले. सकाळपासून त्यांना लोकांच्या वहाणांशिवाय काही दिसलंच नव्हतं.

सारजाने पदराने पोराची लाळ पुसली. "वदवीन की. पण मला सवड कुठाय? घरी लंगोटांचा ढीग पडलाय, पोराची आंघोळ राहिलीय. तुम्ही रयतेचे सेवक ना?"

"क्षुद्र सेवक," राजांनी चूक सुधारली.

"मग चला. आजच्या दिवस मला एक गडी हवाय."

नाही म्हणावं तर स्वतःचीच दवंडी खोटी. राजे उठले. पंत छत्री घेऊन मागे धावले.

दारातून सारजा शिपायांकडे वळली. "आणि हो, दिवस मावळताना माझ्या नवऱ्याला माझ्याच अंगणात आणा. फटके मारायच्या आधी या गड्यासमोर उभा करा. उगाच गड्याचं काम खोळंबायला नको."

राजांना ही व्यवस्था फार पसंत पडली.

घरी तिने पाट मांडला. "बसा. पाय लांब करा. पायांवर पोर घ्या. मान धरा, मान. तुमची नाही, पोराची."

राजांचे गुडघे करकरले. तेल लावता लावता पोराने रेशमी अस्तरापर्यंत भिजवलं.

"वा वा! सेवकांवर अभिषेक झाला," पंत म्हणाले.

"अभिषेक कसला? मुतलाय," सारजा म्हणाली. "पुसा ते, पंत."

मग लंगोट. पहिला लंगोट राजांनी दोन बोटांत धरून पाण्यात बुडवला आणि इकडेतिकडे पाहिलं. "मी धुतोय ते कोणी पाहतंय का?"

"लंगोट बघायला कोण येणार? डाग तसाच आहे. परत धुवा."

दुसरा परत. पाचवाही परत. दहाव्याला राजांनी इकडेतिकडे बघणं सोडलं, डागाकडे बघायला लागले. अंगरखा कुठे काढून टाकला ते त्यांना आठवेना. दुपारी चटणी-भाकरी मिळाली. ताट घासायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी घासलं.

दिवस कलल्यावर पोराने किरकिर धरली. खांद्यावर घेतलं की गप्प, खाली ठेवलं की भोंगा. राजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. "गाई गाई, गाई गाई..." आवाज घोगरा, पण पोराला चालला. शंभरेक फेऱ्या झाल्या. शेवटी पोराचा डोळा लागला, आणि नेमके त्याच वेळी शिपाई केरबाला घेऊन अंगणात आले.

खांद्यावर पोर घेतलेले राजे बघून केरबा हबकला. पुन्हा तेच झालं. तो ओरडला, "महाराज!"

"शूऽऽ!" राजे डोळे वटारून कुजबुजले. "तुला म्हणायचं ते म्हण, पण हळू म्हण. आत्ता कुठे झोपलाय!"

सारजा दारातच उभी होती. "पंत, ऐकलंत? काय म्हणायचं ते म्हण, म्हणाले. हळू म्हटलं की झालं, म्हणजे गुन्हा नाही. कोणाच्या तोंडून आलं?"

पंतांनी सकाळपासून पहिल्यांदा पाठ सरळ केली.

राजांनी केरबाकडे पाहिलं, चाबकाकडे पाहिलं, खांद्यावर पडलेल्या लाळेकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं. पोट गदगदलं, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडावर हात घट्ट दाबलेला. आवाज म्हणून नाही.

"सोडा त्याला," ते हळूच म्हणाले. "पुरता बरा होईपर्यंत घरी राहील, पगार चालू. आणि सारजाबाई, तुम्हाला काय हवं?"

"तो अंगरखा द्या. अस्तर मऊ आहे, दुपटी होतील."

"आणि गोणपाट?"

"दारात टाकीन. पाय पुसायला."

राजांनी पुन्हा तोंड दाबलं. "दिला. केरबा, दवंडी दे, हुकूम रद्द!"

केरबाने छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. राजे, पंत आणि सारजा एकदमच म्हणाले, "शूऽऽ!"

तेव्हा केरबा कुंपणावरून वाकला आणि शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाला, "वहिनी, महाराजांचा हुकूम रद्द झालाय. पुढच्या घरी सांगा. पण हळू, पोर झोपलंय."