कापडाचं चिलखत

फार फार जुनी गोष्ट. यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, देशात, डोंगराखालच्या एका गावात, एक विणकरीण आपल्या लेकाशी बोलत होती. शेजारणीनं भिंतीपलीकडून ऐकलं, "बाळा, या चिलखतात नुसतं कापड आहे, म्हणून..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. तडक विहिरीवर गेली.

"अगं बायांनो, परवा पोरगा खिंडीत लढायला जायचा, आणि आई त्याला कापडात गुंडाळून पाठवतेय!"

दुपारपर्यंत सारं गाव गोंधळलं. कुणी म्हणे, तिला काशाचं चिलखत परवडलं नाही. कुणी म्हणे, ती शत्रूला मिळाली. पोरगाही घाबरला.

"आई, चिलखतात नुसतं कापडच, दुसरं काही नाही, हे खरं का गं?"

"खरं," आई म्हणाली. पोरगा आणखीच गोंधळला.

शेवटी गावच्या म्हाताऱ्या मुखियानं चिलखत खांबाला बांधलं आणि त्यावर बाण मारायला लावला. बाण रुतला, पण आरपार गेला नाही! जवसाच्या धाग्याचं कापड, थरावर थर, मध्ये कातड्याचा सरस, वर दगड ठेवून वाळवलेलं. अगदी फळीसारखं टणक.

शेजारीण ओशाळली. मनानं ती वाईट नव्हती हो. 'कापडच ना? धुळीनं मळलंय बिचारं. पोरानं स्वच्छ घालून जावं,' असं म्हणत तिनं कुणाला न विचारता चिलखत नेलं आणि कोमट पाण्यात भिजत घातलं.

आई धावत आली, तोवर थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे सुटले होते.

"अगं, काय केलंस हे! मी त्याला तेच सांगत होते. नुसतं कापड आहे, म्हणून पाण्यापासून जप!"

"मग मला कसं नाही ऐकू आलं?" शेजारीण रडवेली झाली.

"तुला थांबायला सवड कुठे होती?"

नवं चिलखत वाळेपर्यंत लढाई थोडीच थांबते? पोरगा दुसऱ्याचं काशाचं चिलखत घालून गेला. जड, आणि खांद्यावर ढिलं. परत आला तो जिवंत, पण उजवा हात कायमचा लुळा. बाण खांद्याच्या फटीतूनच शिरला होता.

पुढे शेजारीण रोज विणकरणीकडे सरस ढवळायला बसू लागली. कुणी विचारलं, "ते चिलखत कापडाचं होतं, खरं का गं?" की ती म्हणे, "निम्मं खरं. उरलेलं तिच्या तोंडून ऐक, आणि पुरतं ऐकूनच ऊठ."

अर्धं ऐकून बोललेलं बाधतं, पण अर्धं ऐकून केलेलं भलं त्याहून जास्त बाधतं.