खांद्यावरचे तीन देव

एका राज्यात तीन देव राज्य करीत होते. ते आकाशातून उतरले नव्हते, यज्ञातून निघाले नव्हते, कुणाच्या तपाचे फळही नव्हते. तीन साधी माणसे देव कशी झाली ते सांगतो. ऐकणाऱ्याने राग आवरून ऐकावे. मला सांगताना तो आवरत नाही.

साठ वर्षांपूर्वी तमा नदीला महापूर आला. चारी दिशा पाण्याखाली गेल्या. तेव्हा ओझी वाहणाऱ्या हमालांनी तिघा तरुणांना खांद्यावर घेतले, की यांनी उंचावरून पाहावे आणि कोरडी जागा सांगावी. तिघांनी पाहिले, सांगितले, लोक वाचले. इथवर सगळे नीट झाले. पुढे पूर ओसरला, चिखल वाळला, पण तिघे काही उतरेनात. आणि आता उतरा म्हणायची लोकांना भीड वाटली. ज्यांनी जीव वाचवला त्यांना उतरा कसे म्हणायचे? म्हणून लोकांनी जेवणाचे ताट वर दिले, पाणी वर दिले, थंडी पडली तेव्हा पांघरूणही वर दिले. वर्ष सरले तेव्हा तिघांतला थोरला म्हणाला, "आम्हांला आणखी उंच करा."

त्या दिवशी ते देव झाले. थोरल्याने उत्तुंगनाथ असे नाव घेतले, मधल्याने सर्वसाक्षी, धाकट्याने अलिप्तेश्वर. राज्याचा खरा राजा वर बघून बघून मान अवघडून मेला, आणि मुकुट तिघांकडे गेला.

त्यांच्या पदरी एक मांत्रिक होता. दर वर्षी तो मंत्र म्हणे, तसा माणसांचा मनोरा पुरुषभर वर उचलला जाई आणि तळाशी बारा नवे हमाल उभे राहत. म्हणजे जो सगळ्यांत नवा तो सगळ्यांत खाली, आणि त्याच्यावर सगळ्यांचे ओझे. उत्सव तीन दिवसांचा असे. रोज सकाळी मांत्रिक त्या बारा जणांना विचारी, "भार होतो का?" त्यांनी म्हणायचे, "भार कसला, भाग्य आमचं." पहिल्या दिवशी असे म्हटले की माणूस गुडघ्यापर्यंत दगड होई. दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत. तिसऱ्या दिवशी डोक्यापर्यंत, आणि मग तो कायमचा मनोऱ्यात. कुणावर जबरदस्ती मात्र नव्हती हो. सगळे विचारूनच चालले होते.

साठाव्या वर्षी सुभाना नावाच्या हमालाची पाळी आली. त्याची बायको गोजरा. घरात दोघांवाचून तिसरे कोणी नव्हते. पहिल्या दिवशी दुपारी गोजरा भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन मनोऱ्याशी आली, तो नवरा गुडघ्यापर्यंत दगड झालेला.

"धनी, पाय बघितलेत का तुमचे?"

"बघितले. दुखत नाहीत."

"आणि खांदा?"

सुभानाने डोळे वर केले. मग म्हणाला, "मी खांदा काढला तर वरची सातशे माणसं कोसळतील, गोजरा. त्यांचं कोण बघणार? आणि लोक मान देतात मला. आज गावच्या पाटलानं हार घातला."

गोजराला त्या हाराचा इतका संताप आला की तिने तो तोडून शेळीपुढे टाकला. नवऱ्याला भाकरीचे दोन घास भरवले, उरलेली फडक्यात बांधली आणि ती मांत्रिकाकडे वळली.

"यांना कोण सोडवेल?"

"देवांनी सोडले तर सुटेल," मांत्रिक म्हणाला, आणि हसला.

मनोऱ्याच्या पायथ्याशी दगडांत एका टिटवीचे घरटे होते. ती टिटवी माणसासारखी बोलत असे. ती म्हणाली, "वर जाऊन विचार की. साठ वर्षांत कुणी विचारायला गेलेलं नाही."

गोजराने पदर खोचला आणि ती चढू लागली. पायऱ्या नव्हत्या, माणसांचे खांदेच होते. ज्याला पाय लागे त्याला ती हात लावी आणि तो हात कपाळाला नेई. सातशे जणांना तिने असा नमस्कार केला. वरच्या तिघांना साठ वर्षांत हे एकदाही सुचले नव्हते.

वर तीन आसने होती. गोजराने नवऱ्याची सुटका मागितली. उत्तुंगनाथ म्हणाला, "वरदान हवे असेल तर आज्ञा पाळ. जिच्यावर माणसाचे पाऊल पडलेले नाही अशी माती आण."

गोजरा उतरली. नदीकाठच्या खेकड्याच्या बिळात तिने कोपरापर्यंत हात घातला आणि आतली माती मूठभर काढून वर आणली. उत्तुंगनाथाने ती हुंगली, तळव्यांना चोळली आणि म्हणाला, "मऊ आहे. आता मधल्याला विचार."

सर्वसाक्षी म्हणाला, "माझ्या आसनाखाली कोण आहे त्याचे नाव आण."

याचे नाव सर्वसाक्षी, आणि याला बुडाखाली कोण आहे ते ठाऊक नाही! गोजरा पुन्हा उतरली. पायथ्याशी एक म्हातारी रोज वर बघत बसलेली असे. तिचे नाव भागाई. गोजराने विचारले तशी ती म्हणाली, "माझेच मालक आहेत तिथे. पुराच्या दिवशी यांनीच त्या मधल्याला खांद्यावर घेतलं. नाव आजवर कुणी विचारलं नाही." भागाईने जन्मात नवऱ्याचे नाव उच्चारले नव्हते. त्या दिवशी तिने ते ढळढळीत उच्चारले. "मैनाजी."

गोजराने ते नाव वर नेऊन सांगितले. "असेल," सर्वसाक्षी म्हणाला, आणि दुसरीकडे बघू लागला.

यात दुसऱ्या दिवसाची सकाळ होऊन गेली होती आणि खाली सुभाना छातीपर्यंत दगड झाला होता. धाकटा अलिप्तेश्वर म्हणाला, "मला साठ वर्षांत भूक लागलेली नाही. लोक आधीच खायला देतात. मला भूक आणून दे."

गोजराने कमरेचे फडके सोडले. शिळी भाकरी, लसणाची चटणी. ती त्याच्यापुढे धरली आणि दिली नाही. नुसती धरून उभी राहिली. ऊन डोक्यावर आले, कलले, तरी ती हललीच नाही. शेवटी देवाच्या तोंडाला पाणी सुटले, पोट बोलले, आणि त्याने झडप घालून भाकरी ओढून घेतली. सुभानाची भाकरी होती ती. सगळी खाल्ली, कुणाची आहे ते न विचारता.

"तिन्ही आज्ञा पाळल्या," गोजरा म्हणाली. "आता माझा नवरा सोडा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तुंगनाथ म्हणाला, "सोडणे आमच्या हाती नाही. आम्ही रोज विचारतो. तोच सांगतो, भार होत नाही. यात आमचा काय दोष?"

"मग आज्ञा कशाला केल्या?"

"तू विचारलेस म्हणून," सर्वसाक्षी म्हणाला.

दोन दिवस त्या बाईला वरखाली नाचवले, आणि देता येण्यासारखे यांच्याजवळ काही नव्हतेच. पूर ओसरला त्या दिवसापासून नव्हते. गोजरा उतरली. उतरतानाही प्रत्येक खांद्याला तिने हात लावला.

तिसऱ्या दिवसाची सकाळ झाली. ढोल वाजले. मांत्रिक रांगेपुढे आला. पहिला सुभानाच होता. गोजरा मध्ये येऊन उभी राहिली.

"तुम्ही थांबा," ती मांत्रिकाला म्हणाली. "आज मी विचारते." मग नवऱ्याकडे वळली. "धनी, तिघांना भेटून आले. तुम्ही कोण ते त्यांना ठाऊक नाही. तुमची भाकरी धाकट्यानं खाल्ली. सोडा म्हटलं तर म्हणाले, तोच सांगतो भार नाही म्हणून. माझा त्यांच्यावर राग आहे, पण तुमच्यावर जास्त आहे. घरात आपण दोघं असतो तेव्हा बोलता तसं बोला. खांदा दुखतो का?"

"वरची माणसं पडतील, गोजरा."

तेव्हा टिटवी बोलली. "मी पाय वर करून निजते म्हणून आभाळ टिकलंय, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. एकदा पाय भरून आले म्हणून खाली घेतले. आभाळ होतं तिथंच होतं."

सुभानाने डोळे मिटले. छाती दगडाची, श्वास पुरत नव्हता. "दुखतो गं," तो म्हणाला. "पहिल्या घटकेपासून दुखतो."

ढोल थांबले. शेजारचा हमाल म्हणाला, "माझाही." त्याच्या शेजारचा म्हणाला, "माझाही." बारा जण बोलले आणि बाराही जणांचा दगड उतरला. मग वरच्या रांगेतून आवाज आला, त्याच्या वरच्या रांगेतून आला, आणि सातशे दगड बोलू लागले. कुणी पडले नाही. ते सगळे हमाल होते आणि ओझे खाली कसे ठेवायचे ते त्यांना येत होते. एकेक रांग गुडघ्यावर बसली, वरच्या रांगेला हात देऊन उतरवू लागली, आणि दुपारपर्यंत अख्खा मनोरा जमिनीवर आला.

दगडाचे वय वाढत नाही, म्हणून मैनाजी उतरला तो विशीतलाच होता. त्याने समोरच्या म्हातारीला विचारले, "आई, आमची भागू कुठे दिसली का?" भागाईने तोंडावर पदर घेतला. मंत्र सुटला खरा, पण साठ वर्षे कुणी परत दिली नाहीत. तिघांकडे मागावी तर त्यांनी ती केव्हाच वापरून संपवली होती. थोड्या वेळाने भागाईने त्याचा हात धरला आणि त्याला घरी नेले. तिथे ती काय बोलली ते कुणी विचारू नये, मीही विचारले नाही.

मांत्रिक त्या गर्दीत नाहीसा झाला. असले लोक पडझडीत सापडत नाहीत. राज्याचा कारभार गावोगावच्या पंचांनी हाती घेतला. ते कमरेएवढ्या ओट्यावर बसत आणि दिवस मावळला की उतरून घरी जात.

पण हे पुढचे झाले. त्या दिवशी दुपारी तिघे देव धुळीत बसले होते. जमिनीला टेकताच त्यांची साठ वर्षे एकदम अंगावर आली होती, आणि पायांचे तळवे मात्र तान्ह्या मुलाचे होते. उत्तुंगनाथाने हात पुढे केला. "आम्हांला चालवत नाही. कुणीतरी उचला. पुरातून आम्हीच तुम्हांला वाचवले."

आणि सांगायला लाज वाटते, पण सवयीने पन्नासभर माणसे वाकली. सुभानाही वाकला.

गोजरा नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

सुभाना वाकलेला तसाच थांबला. मग सावकाश सरळ झाला. त्याचा उजवा खांदा काळानिळा पडला होता. "वाचवलंत, देवा," तो म्हणाला. "ते उपकार आहेतच. पण भार होतो. चला, आता रस्ता कोरडा आहे."

बाकीचेही सरळ झाले. तिघे म्हातारे एकमेकांना धरून उठले. गावापर्यंत कोसभर वाट होती. कण्हत, बसत, पुन्हा उठत ते ती चालून गेले, आणि लोक त्यांच्या बरोबरीने चालले. तीन देवांचे राज्य असे पायी संपले, आणि आपली कथाही त्यांच्यामागून चालत घरी पोचली.