न गायलेला सा

“पण तो सूर मी गायलाच नाही, बुवा. मग वाहवा कशाची?”

वैजूने हे विचारलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. तळ्यावर धुकं इतकं होतं की पलीकडच्या काठाला देऊळ आहे की नाही, ते कळेना. दिगंबरबुवा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी खांबाला टेकून बसलो होतो. मी गावचा शिंपी. दर सोमवारी दिवेलागणीला देवळात गाण्याची बैठक असते, तिथे वैजूच्या मागे बसून तंबोरा धरतो. बुवा तिचे गुरू. त्यांचा तंबोरा परत द्यायला आलो आणि या दोघांत अडकलो.

खरं सांगायचं तर या पोरीला आम्ही गावाने डोक्यावर बसवून ठेवलं होतं. तिला परीक्षेला जायचं असलं की रिक्षावाला बाबल भाड्याचं नाव काढायचा नाही. घसा बसला की घराघरांतून काढे यायचे, इतके की एकदा त्या काढ्यांनीच तिचं पोट बिघडलं. बैठकीचे ब्लाउज मी शिवतो. बाहेरगावच्या कुणी तिच्या गाण्यात खोट काढली तर त्याला इथे चहा मिळायची पंचाईत.

आता पुण्याच्या एका मोठ्या गायिकेने तिला शिकायला बोलावलं होतं. तेव्हापासून वैजूच्या मनात भीती शिरली होती. आपण खरंच गातो, की ही माणसं नुसती माया करतात?

म्हणून काल तिने आमची परीक्षा घेतली.

आलापी चालली होती, तबला अजून सुरू व्हायचा होता. ती सावकाश वर चढत गेली आणि निषादावर येऊन थांबली. आता वरचा सा लागणार, म्हणून मंडपात कुणी हलेना.

तिने तोंड मिटलं.

माझा तंबोरा तेवढा चालू राहिला... आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, वा. फुलं विकणाऱ्या भागीबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला.

वैजू तशीच उठून गेली होती.

“ऐकतच नाहीत हो ते,” ती आता म्हणाली. “मी गायले काय, न गायले काय, त्यांना सारखंच. यांच्यापुढे मी पुन्हा गाणार नाही. पुण्यालाही जात नाही. तिथे जाऊन काय सांगू, मला गाता येतं म्हणून?”

वाईट वाटलं मला. इतकं सगळं केलं, आणि त्यातूनच तिचं गाणं सुटायची वेळ आली.

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. तंबोरा छेड, अशी मला खूण केली.

तारा बोलू लागल्या. धुकं ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं, आणि मला घटकाभर वाटलं, हे घर पाण्यावर तरंगतंय. बुवांचा आवाज आता थकलाय, गाणं सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली. तरी त्यांनी डोळे मिटून कालचीच वाट धरली. आवाज कापत होता. एक एक सूर चाचपत ते वर गेले, निषादापाशी आले...

थांबले. तोंड मिटलं.

“वा,” मी म्हणालो.

अगदी आपसूक निघून गेलं. वैजूने माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

“पाहिलंत?” ती म्हणाली.

बुवांनी मान डोलावली. सुपारीचं एक खांड तोंडात टाकलं. तंबोऱ्याचा नाद माझ्या हातात विरत गेला. पलीकडच्या काठावर देवळाचा कळस हळूहळू दिसू लागला.

“याला ऐकू आला तो सा, गो,” ते म्हणाले. “काल सगळ्या गावाला आला... तुला आला का?”