पिटकीचा दिवा लागणार कधी?

एक होतं गॅरेज. गॅरेजात होती आबांची जुनी निळी गाडी. गाडीच्या वर होता एक बल्ब. आणि बल्बच्या शेजारी, भिंतीवर, राहायची एक पाल. एवढीशी! तुमच्या करंगळीएवढी. तिचं नाव पिटकी.

रोज संध्याकाळी बल्ब लागायचा. लख्ख!
किडे यायचे. भुण भुण भुण!
पिटकी खायची. मट्ट! मट्ट! मट्ट!
पोट भरलं, की झोपायची.

एके संध्याकाळी काय झालं?
फट्ट!
जुनी तार जळाली. बल्ब विझला. किडे उडून गेले, शेजाऱ्यांच्या दिव्याकडे. तिथे बसतो बोका! पिटकी तिथे कशी जाणार?

गॅरेजात अंधार. पिटकीच्या पोटात गुडगुड.

मग नवी तार आली. वायरमन आला. सगळं आलं. दिवा काही लागेना. कालचा दिवस गेला. आजचाही जायला निघाला. पिटकीचं पोट खपाटीला गेलं.

मग पिटकी चिडली. पिटकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र! गेली बल्बकडे.

"चुक चुक! बल्ब, बल्ब, पेट ना रे!
किडे काही येत नाहीत,
माझं पोट भरत नाही!"

बल्ब म्हणाला, "मी तर केव्हाचा तयार आहे! आधी तारेला सांग. तिनं वीज दिली, की मी पेटलोच!"

पिटकीनं शेपटी आपटली. पट्!
पिटकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र! गेली तारेकडे. नवी लाल तार गाडीवर वेटोळं करून बसली होती.

"चुक चुक! तारे, तारे, वीज दे ना गं!
बल्ब काही पेटत नाही,
किडे काही येत नाहीत,
माझं पोट भरत नाही!"

तार म्हणाली, "मी तर केव्हाची तयार आहे! आधी बबनदादाला सांग. त्यानं मला ओढलं, की मी वीज दिलीच!"

पिटकीनं शेपटी आपटली. पट्!
पिटकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र! गेली बबनदादाकडे. बबनदादा म्हणजे वायरमन. स्टुलावर बसून चहा पीत होता. फुर्र! फुर्र! कितवा चहा, कोण जाणे.

"चुक चुक! बबनदादा, तार ओढ ना रे!
तार काही वीज देत नाही,
बल्ब काही पेटत नाही,
किडे काही येत नाहीत,
माझं पोट भरत नाही!"

बबनदादा म्हणाला, "मी तर केव्हाचा तयार आहे! आधी नंदूकाकाला सांग. त्यानं मेन स्विच बंद केला, की मी तार ओढलीच! वीज चालू असताना तारेला हात लावतात का कुणी? झटका बसतो झटका!"

हे मात्र खरं होतं. तरी पिटकीनं शेपटी आपटली. पट्!
पिटकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र! गेली नंदूकाकाकडे. नंदूकाका सोफ्यावर. मोबाइल हातात. टुक टुक टुक. कालच अंधारात त्याचा गुडघा गाडीवर आपटला होता. ठण्ण! तरी बसलेलाच.

"चुक चुक! काका, काका, मेन स्विच बंद कर ना रे!
बबनदादा तार ओढत नाही,
तार काही वीज देत नाही,
बल्ब काही पेटत नाही,
किडे काही येत नाहीत,
माझं पोट भरत नाही!"

नंदूकाका म्हणाला, "मी तर केव्हाचा तयार आहे! आधी माझ्या आईला, माईला सांग. तिनं मिक्सर थांबवला, की मी मेन स्विच बंद केलाच! मधेच वीज गेली, तर माई मला रागावेल."

"एवढा मोठा काका, आणि आईला घाबरतो?"

"तू नाही घाबरत?" काका म्हणाला. टुक टुक टुक.

पिटकीनं शेपटी आपटली. पट्! पट्!
पिटकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र! गेली स्वयंपाकघरात. माई इडलीचं पीठ वाटत होती. घर्रर्रर्र!

"चुक चुक! माई, माई, मिक्सर थांबव ना गं!"

"काय गं? ऐकू येत नाही!"

पिटकी ओरडली,
"माई, माई, मिक्सर थांबव ना गं!
काका मेन स्विच बंद करत नाही,
बबनदादा तार ओढत नाही,
तार काही वीज देत नाही,
बल्ब काही पेटत नाही,
किडे काही येत नाहीत,
माझं पोट भरत नाही!"

माई म्हणाली, "मी तर केव्हाची तयार आहे! आधी आबांना सांग. त्यांनी 'हो' म्हटलं, की मी मिक्सर थांबवलाच! आबांना विचारल्याशिवाय या घरात खिळासुद्धा ठोकत नाहीत."

पिटकीनं शेपटी आपटली. पट्! पट्! पट्!
पिटकी निघाली. सुर्र सुर्र सुर्र! गेली आबांकडे. आबा खुर्चीत बसले होते. तोंडासमोर पेपर. पेपरमागे आबा.

"चुक चुक! आबा, आबा, 'हो' म्हणा ना!
माई मिक्सर थांबवत नाही,
काका मेन स्विच बंद करत नाही,
बबनदादा तार ओढत नाही,
तार काही वीज देत नाही,
बल्ब काही पेटत नाही,
किडे काही येत नाहीत,
माझं पोट भरत नाही!"

पेपरमागून आबा म्हणाले, "मी तर केव्हाचा तयार आहे! आधी त्या पालीला सांग. ती गप्प बसली, की मी 'हो' म्हटलंच!"

"कुठल्या पालीला?"

"आहे एक घरात. कालपासून सारखी चुकचुकते. पाल चुकचुकत असताना नवं काम काढायचं नसतं. आमचे वडील सांगायचे."

पिटकीनं इकडे पाहिलं. पिटकीनं तिकडे पाहिलं. घरात दुसरी पाल नव्हती.

"अहो आबा! ती पाल म्हणजे मीच!"

"तू? मग गप्प बस."

"पण मला भूक लागलीय! म्हणून तर मी चुकचुकते!"

"आधी गप्प बस. मग बघू."

बल्ब म्हणतो तारेला सांग. तार म्हणते बबनदादाला सांग. बबनदादा म्हणतो काकाला सांग. काका म्हणतो माईला सांग. माई म्हणते आबांना सांग. आणि आबा म्हणतात पालीला सांग!

पिटकी लाल लाल झाली. शेपटी तर आपटून आपटून दुखत होती. मग पिटकी म्हणाली,

"मी तर केव्हाची तयार आहे! आधी तुम्ही 'हो' म्हणा. तुम्ही 'हो' म्हटलं, की मी गप्प बसलेच!"

"आधी तू," आबा म्हणाले.
"आधी तुम्ही," पिटकी म्हणाली.
"आधी तू!"
"आधी तुम्ही!"
"मोठ्यांचं ऐकावं!"
"मोठ्यांनी भुकेचं ऐकावं!"

मिक्सर घर्रर्रर्र. मोबाइल टुक टुक टुक. बबनदादा फुर्र फुर्र. आबांच्या चहावर साय धरली.

पिटकी पेपरवर चढली. सुर्र सुर्र सुर्र! पेपरच्या वरून तिनं डोकं काढलं. समोर आबांचं नाक.

"चुक चुक! चुक चुक! चुक चुक! चुक चुक!"

"हो!" आबा ओरडले. "हो, हो, हो! हो गं बाई, हो!"

आबांनी 'हो' म्हटलं!

माईनं मिक्सर थांबवला. घर्रर्र... गप्प.
काकानं मेन स्विच बंद केला. खटाक!
बबनदादानं तार ओढली. सर्र सर्र! पट्टी ठोकली. ठोक ठोक! स्क्रू पिळले. कुर्र कुर्र! भिंतीवर नवा बोर्ड बसला. बोर्डवर नवं पांढरं बटण बसलं.
काकानं मेन स्विच चालू केला. खटाक!

आता फक्त बटण दाबायचं. सगळे गॅरेजात उभे राहिले. दिवेलागणीची वेळ झाली.

बबनदादा म्हणाला, "दाबा काका."
काका म्हणाला, "मी कसा? माई, तू दाब."
माई म्हणाली, "मी कशी? आबा मोठे. आबा दाबतील."
आबा म्हणाले, "छे छे! घरची लक्ष्मी दाबेल. माई, तू."
"नाही नाही, आधी तुम्ही!"
"नाही नाही, आधी तू!"

पिटकी बटणाच्या बरोबर वर, भिंतीवरून बघत होती. तिनं डोळे मिटले. भिंतीला धरलेले चारही पाय सोडले.

टप्प!

पडली ती थेट बटणावर. टिक!

तारेनं वीज दिली.
बल्ब पेटला. लख्ख!
किडे आले. भुण भुण भुण!
पिटकीनं खाल्ले. मट्ट! मट्ट! मट्ट! मट्ट! मट्ट!

आबांनी दिव्याला हात जोडले. माईनं जोडले. काकानं जोडले. बबनदादानं कप खाली ठेवला आणि जोडले. गॅरेजात कुणीच चुकचुकत नव्हतं.

"बघा!" आबा म्हणाले. "पाल गप्प बसली. मी म्हणत होतो ना? पाल गप्प बसली, की काम होतं!"

काय?

पिटकीनं हे एवढं मोठं तोंड उघडलं. आता ती आबांना सांगणारच होती. सगळं सांगणार होती!

तेवढ्यात एक जाडजूड पाखरू आलं. फड फड फड! थेट तोंडात.

मट्ट!

तोंड भरलं. पोट भरलं. पिटकी बल्बशेजारी पसरली आणि झोपून गेली.

गॅरेजातला दिवा लागला.
आपला दिवा?
टिक! विझला.