मास्तरांनी नवी सिस्टीम टाकली

एका गावात एक भोळा पीटी मास्तर होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण मास्तर अजून तिथंच राहतो आणि ही गोष्ट तोच सांगतोय.

नोकरीत असताना मी पोरांना एकच गोष्ट शिकवली. सांगितलं तेवढंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. सावधान म्हटलं की सावधान, विश्राम म्हटलं की विश्राम. पोरं शिकली की नाही ठाऊक नाही. मी मात्र पक्का शिकलो.

निवृत्त झालो तेव्हा शाळेनं लॅपटॉप दिला. तो चांगला चालत होता. एके दिवशी पडद्यावर पाटी आली, नवी सिस्टीम तयार आहे, टाका. आता 'टाका' म्हटल्यावर मी काय करणार? टाकली. दुसऱ्या कुणी आधी विचारलं असतं, की जुनीला काय झालंय. मला ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप उठायलाच तयार नाही. बटण दाबावं, अंघोळ करावी, देवपूजा उरकावी, चहा प्यावा, येऊन बघावं तर पडद्यावर आपलं गोल फिरतंय.

एरवी मी ते गोल बघत बसलो असतो, मला दुसरं काम काय? पण शुक्रवारी अकरा वाजता त्याच लॅपटॉपवर माझ्या बायकोचं, मालनचं, काम होतं. मालन गोधड्या शिवते. जन्मभर शिवत आली आणि भाच्यांना, पुतण्यांना, शेजारच्या बाळंतिणींना देत आली. तिच्या भावानं, दिगंबरनं, त्यातली एक पुण्यात कुणाला तरी दाखवली. ती फिरत फिरत बडोद्याच्या इंगळेबाईंकडं पोचली. त्यांचं तिथं हातच्या कापडांचं दुकान आहे. बाई म्हणाल्या, मला यांच्या बाकीच्या गोधड्या बघायच्यात, स्वतः त्यांच्याशी व्हिडिओवर बोलायचंय. मालनच्या गोधडीला पहिल्यांदाच कुणी गिऱ्हाईक आलं होतं. भांडी घासतानाही ती गुणगुणत होती. आमचे दोघांचेही फोन बटणांचे, त्यामुळं सगळी भिस्त लॅपटॉपवर.

"शुक्रवारी चालू हुईल न्हवं?" तिनं विचारलं.

"होईल की," मी म्हणालो आणि दिगंबरला फोन लावला. तो पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करतो.

"दाजी," तो म्हणाला, "नवी सिस्टीम टाकली की सुरुवातीला वेळ लागतोच. आतल्या आत त्याचं काम चाललेलं असतंय. मध्ये हात लावायचा नाही. पूर्ण होऊ द्यायचं."

"बरं. लक्षात राहील." माझं एक चांगलं आहे, सांगितलेलं मी विसरत नाही.

त्याच संध्याकाळी मालननं गॅसवर दूध ठेवलं आणि "जरा बघा हं" म्हणून ती शेजारी गेली. मी बघत राहिलो. दूध तापलं, साय धरली, कडेनं बुडबुडे आले. आतल्या आत त्याचं काम चाललं होतं. मी हात मागं बांधून विश्रामात उभा राहिलो. दूध पातेल्याच्या काठावर आलं, काठावरून ओट्यावर आलं, ओट्यावरून फरशीवर आलं. मग पूर्ण झालं.

मालन आली. "तुम्ही हितंच हुतासा न्हवं?"

"होतो की. हात नाही लावला."

तिनं फडकं घेतलं. "अहो, वर याय लागलं की झटक्यात बंद करायचं असतंय. एवढंबी कळत न्हाई?"

"बरं. लक्षात राहील."

सकाळी लॅपटॉप लावला. आज पडद्यावर गोलाबरोबर आकडेही होते. दहा टक्के झाले, तीस झाले, पन्नास झाले. आकडा आपला वर वर यायला लागला. नव्वद झाले तसा मी सावध झालो. अगदी काठावर आला, अठ्ठ्याण्णव, आणि मी झटक्यात बंद केलं. काही सांडू दिलं नाही.

परत लावला तर लॅपटॉपनं सगळं 'जैसे थे' केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कवायतीत पाय चुकलेल्या पोराला मी असंच मैदानाच्या टोकापासून परत चालायला लावायचो. त्या पोरांना माझ्याबद्दल काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

मी परत दिगंबरला फोन लावून झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, आता एक करू. लॅपटॉप उठला रे उठला की त्याच्याबरोबर नको त्या गोष्टी आपोआप सुरू होतात. त्यानं तो दमतो. मी सांगतो तशा एकेक बंद करा. गरजेचं तेवढंच ठेवा."

तो सांगत गेला, मी बंद करत गेलो. गाणी वाजवणारं बंद केलं. हवामान सांगणारं बंद केलं. मला रोज शुभेच्छा देणारं काहीतरी होतं, जड मनानं तेही बंद केलं. आणि खरंच फरक पडला. आता अंघोळ आणि पूजा होईतो लॅपटॉप सुरू व्हायला लागला. चहाचा वेळ वाचला.

मला फार आनंद झाला. आनंद झाला की माझं डोकं चालतं, तिथंच सगळा घोळ होतो. अंगणात बसल्या बसल्या मला वाटलं, सकाळी मालनसुद्धा दमलेली असते. का दमते? ती उठली रे उठली की घरात नको त्या गोष्टी आपोआप सुरू होतात. आधी गजर वाजतो. मग पाण्याची मोटर, तिला आपोआप चालू होणारं बटण बसवलेलं. मी गजर बंद केला. मोटरचं बटण बंद केलं. दूधवाल्याला गाठून सांगितलं, "बोलावलं तरच ये, आपोआप येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मालन उठली तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं. टाकी कोरडी होती. मोटर लावावी तर लाईट गेलेली. चहा करावा तर दूध नाही.

"आज बघ, अजिबात दमलेली दिसत नाहीस," मी म्हणालो.

तिनं मला समोर बसवलं. "ह्यापुढं घरातलं कायबी बंद करायच्या आधी मला इचारायचं. मी व्हय म्हटल्याबिगार बटणाला हात लावायचा न्हाई."

"बरं. लक्षात राहील."

गुरुवार उजाडला. मालननं ट्रंकेतून तिची सगळ्यात आवडती गोधडी काढली. तिच्या आईच्या लुगड्यांची, निळी, किरमिजी काठाची. इंगळेबाईंना ती शेवटी दाखवायची असं तिनं ठरवलं होतं. ट्रंकेत राहून तिला घड्या पडल्या होत्या. "जरा इस्त्री फिरवा, मी गिरणीतनं दळण घिऊन येते," ती म्हणाली.

मी नीट इस्त्री फिरवली. सगळ्या घड्या गेल्या. इस्त्री गोधडीवर टेकवली, बंद करायला हात पुढं केला आणि आठवलं. विचारल्याशिवाय नाही. इस्त्री उचलून बाजूला ठेवावी हे मनात आलं नाही, कारण तसं कुणी सांगितलं नव्हतं. मी चपला घातल्या आणि गिरणीपर्यंत चालत गेलो.

"अगं, इस्त्री बंद करू का?"

मालन दळण तिथंच टाकून पळत सुटली. मी मागून दुडक्या चालीनं आलो.

गोधडीच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग पडला होता. मालन ओरडली नाही. त्या डागावर हात ठेवून बसून राहिली. तिच्या आईचं लुगडं होतं ते. तसलं आता कुठून आणायचं? मला फार वाईट वाटलं. नेहमीचं 'लक्षात राहील' सुद्धा तोंडातून निघेना.

"जळाय लागल्यावर इचारत बसतंय व्हय कोण?" ती हळू आवाजात म्हणाली. "कायतरी बिघडलंय असं दिसलं की इचारायचं न्हाई. सरळ बटण दाबायचं."

मग तिनं जळलेला भाग कापून काढला. घरात शोधाशोध केली. तेवढं जाड कापड एकच निघालं, माझी पीटीची पांढरी हाफपँट. तिच्यातून तिनं इस्त्रीच्याच आकाराचं ठिगळ कापलं आणि भोवतीनं बारीक टाके घालत बसली. मी सुईत दोरा ओवून देत होतो. त्यात मी काही चुकलो नाही.

शुक्रवारी लॅपटॉप लवकरच लावून ठेवला. अकराच्या आधी तो सुरू झाला. बरोबर अकराला इंगळेबाई पडद्यावर आल्या. मालन नवी साडी नेसून समोर बसली, मी बाजूला सावधानमध्ये. तयार असलेल्या चार गोधड्या तिनं एकेक करून दाखवल्या. बाई "छान आहे" म्हणत होत्या, पण ते आपण पाहुण्यांच्या घरच्या पोह्यांना म्हणतो तसं. मालनचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी तिनं ती निळी उलगडली.

बाई पडद्याजवळ सरकल्या. हनुवटीला हात लावला आणि थांबल्या. हलेनात, बोलेनात, पापणीही लवेना. मालनही गोधडी धरून तशीच थांबली.

मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय. विचारायचं नाही. मी पुढं झालो आणि पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं.

"काय केलंसा ह्ये?"

"बाई अडकल्या होत्या."

"बाई बघत हुत्या," मालन म्हणाली. गोधडी मांडीवर घेऊन काळ्या पडद्याकडं बघत बसली. तिच्याकडं बघायची माझी हिंमत होईना.

मी परत बटण दाबलं. गोल फिरायला लागलं. त्या दिवशी ना अंघोळ सुचली ना चहा. मी लॅपटॉपसमोर हात जोडून उभा राहिलो. पूजा म्हणायची तर तीच. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि एकदाचा पडदा उजळला. बाई अजून थांबल्या होत्या.

"लाईट गेली होती का?" त्या हसत म्हणाल्या. "अहो, ते मधलं पांढरं ठिगळ. मी नुसती बघतच राहिले. असं मी कुठं पाहिलं नाही. हा आकार तुम्हाला सुचला कसा?"

मालननं माझ्याकडं बघितलं. "ह्यांनी सुचवला," ती म्हणाली.

"मग यांनाही सांगा. मला अशा पंधरा हव्यात. हुबेहूब अशाच. तुमच्याकडं त्या चार तयार आहेत ना, त्यांच्यापासूनच सुरुवात करा."

मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पदरानं टिपत बाईंना कापड, टाके, दोरा असं काय काय सांगायला लागली. मला पुढचं ऐकायची गरजच नव्हती. काय करायचं ते मला, जन्मात पहिल्यांदा, आपोआप कळलं होतं. मी चारही गोधड्या उचलल्या, आतल्या खोलीत नेऊन पसरल्या आणि इस्त्री लावली. इस्त्रीचं लॅपटॉपसारखं नाही. बटण दाबल्याबरोबर तापली. तिच्यात मी अजून नवी सिस्टीम टाकलेली नाही.

बाहेर मालन बाईंना सांगत होती, "व्हय व्हय, आजच सुरवात करतो आम्ही."

तोवर माझ्या तीन झाल्या होत्या.