पहिलं कर्तव्य

“पण मास्तर, तुम्ही ही परीक्षा का देत नाही?”

रघुवीरच्या आवाजात आदर होता, थोडी घाईही होती. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा तो नवा विश्वस्त. विश्वस्तांच्या प्रशिक्षणानंतरच्या परीक्षेत पहिला आलेला. नव्या नियमाप्रमाणे प्रमाणपत्र नसेल त्याला मंडळावर राहता येणार नव्हतं. आणि सगळ्यांत जुने विश्वस्त दाऊदमास्तर प्रशिक्षणाला फिरकलेही नव्हते.

मास्तर उठले. रघुवीरला वाचनालयातल्या आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोरच्या बाकावर जाऊन बसले.

“शिकव.”

“मी? तुम्हाला?”

“पहिला आलास ना?... शिकव.”

रघुवीर सुखावला. घसा साफ करून बोलू लागला.

“विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. लोकांची ठेव सांभाळणारा.”

“बरं.”

“वाचकाचा विश्वास जपणं हे त्याचं पहिलं कर्तव्य. कोण काय वाचतं, ते बाहेर जाता कामा नये.”

“कोणालाच सांगायचं नाही?”

“कोणालाच नाही.”

“घरच्या माणसानं विचारलं तर?”

“तरीसुद्धा...”

रघुवीर अडखळला.

त्याची नजर बायकांच्या टेबलाकडे गेली. टेबल रिकामं होतं. खोतांची सून यमुना रोज दुपारी तिथं येऊन बसायची. हल्ली पोटगीच्या कायद्याचं पुस्तक वाचायची. मागच्या आठवड्यात एसटी स्टँडवर तिच्या सासऱ्यांनी विचारलं होतं, “आमची सूनबाई काय वाचते हो एवढं?”

रघुवीरनं सांगून टाकलं होतं.

त्यानंतर ती आली नव्हती.

“खोतांनी सहज विचारलं, मास्तर, सून काय वाचते म्हणून... मीही सहज बोलून गेलो.”

“यमुना काल बाजारात दिसली,” मास्तर म्हणाले. “सासू सोबत होती. मला पाहिलं आणि मान वळवली तिनं.”

रघुवीर ताडकन उठला.

“आत्ता जातो तिच्या घरी. माफी मागतो.”

“कोणासमोर?”

रघुवीरला तिचे सासू-सासरे आठवले. तो खाली बसला. वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका म्हाताऱ्यानं पान उलटलं.

“मग मी ते प्रमाणपत्र परत करतो. राजीनामा देतो.”

“दे. तुला बरं वाटेल.”

रघुवीरनं चेहरा ओंजळीत झाकला. त्याचे खांदे हलत होते. मास्तरांनी त्याला थांबवलं नाही.

शेवटी तो म्हणाला, “मग मी करू तरी काय?”

मास्तर उठून बायकांच्या टेबलाशी गेले. टेबलावर धूळ साचली होती. त्यांनी ती खांद्यावरच्या पंच्यानं पुसली, खुर्ची जरा मागे ओढून ठेवली.

“रोज दुपारी इथं येऊन बस. दार उघडं ठेव... आणि ती आलीच, तर मान वर करून बघू नकोस, काय वाचते ते.”